इंग्लंडच्या लहान खेड्यात राहायला गेलात, तर गावात मिसळायचं कसं

शहरातून खेड्यात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांची तक्रार जवळजवळ ठरलेली असते: रस्त्यात सगळे हसून बोलतात, पण घरी कोणी बोलावत नाही. बोलावणं येतं, पण ते सगळ्यात शेवटी. इंग्लंडच्या खेड्यात ओळख होते ती कामातून. गावच्या सार्वजनिक हॉलमध्ये खुर्च्या मांडू लागणाऱ्याला महिन्याभरात सगळे नावाने हाक मारतात. नुसतं तिकीट काढून कार्यक्रमाला येणारा वर्षभर ‘कोपऱ्यावरच्या घरात नवीन आलेले’ एवढाच राहतो. म्हणून कुठे जावं यापेक्षा कुठलं काम अंगावर घ्यावं आणि ते नीट कसं पार पाडावं, हे इथे जास्त सांगितलं आहे. नियम इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्यातले काही बदलतात.

आधी फलक वाचा

गावात काचेचा नोटीसबोर्ड असतोच. बसथांब्याजवळ, हॉलच्या दाराशी किंवा चर्चच्या फाटकाला लागून. दोन असतील तर एक पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या मंडळाचा, दुसरा सगळ्या गावाचा. दोन्हींचे फोटो काढून घ्या आणि पंधरा दिवसांनी परत बघा. काय बदललं त्यावरून गावाचा वेग कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पॅरिश मॅगझिन. महिन्यातून एकदा दाराच्या फटीतून आत पडणारं हे पातळ मासिक चर्चच्या नावाने निघत असलं, तरी त्यात अख्ख्या गावाचं वेळापत्रक असतं: कचऱ्याच्या गाडीचे वार, फिरत्या वाचनालयाची वेळ, विमेन्स इन्स्टिट्यूट या बायकांच्या संस्थेची बैठक, क्रिकेटचे सामने, कोणाकडे टोमॅटोची जादा रोपं आहेत. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर फोन नंबरांची यादी असते. तिच्यातले तीन नंबर लगेच उतरवून ठेवा: हॉलचं बुकिंग बघणारी व्यक्ती, पॅरिश कौन्सिलचा क्लार्क आणि मासिकाचा संपादक. संपादकाकडे मजकूर द्यायची शेवटची तारीख बहुधा आदल्या महिन्याच्या मध्यावर असते. ती चुकली की तुमची सूचना महिनाभर मागे पडते, आणि गावातली अर्धी वयस्क मंडळी व्हॉट्सअ‍ॅप बघत नाहीत.

नवख्या माणसासाठी सगळ्यात सोपं काम याच मासिकाचं. घरोघर वाटायला त्यांना कायम माणसं कमी पडतात. तुमच्या वाट्याला एखादी गल्ली येते, महिन्यातून अर्ध्या-पाऊण तासाचं काम. फायदा दुहेरी. घरांना नंबर नसून नुसती नावं असलेल्या गावात कोण कुठे राहतं ते पाठ होतं, आणि बागेत काम करणाऱ्यांशी दोन शब्द बोलायला निमित्त मिळतं. पत्रपेटीच्या फटीतून बोटं पूर्ण आत घालू नका. पलीकडे कुत्रं असतं. लाकडी पट्टीने मासिक आत ढकलतात ते याचसाठी.

चहाचं भांडं सांभाळा

पहिला कार्यक्रम म्हणून कॉफी मॉर्निंग निवडा. सकाळी साडेदहा ते बारा, दारात बसलेल्या बाईंकडे एक-दोन पौंड द्यायचे, कप आणि केकचा तुकडा घ्यायचा, रिकाम्या खुर्चीवर ‘इथे बसू का’ विचारून बसायचं. सुटी नाणी जवळ ठेवा. कार्ड चालेलच असं नाही. मॅकमिलन या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेसाठी सप्टेंबरच्या शेवटी देशभर कॉफी मॉर्निंग होतात, त्या दिवशी गावातली नेहमी न दिसणारी माणसंही येतात.

निघताना म्हणा, ‘पुढच्या वेळी कप धुवायला येऊ का?’ नाही कोणी म्हणत नाही. एखाद-दोनदा कप धुतलेत की तुमच्याकडे अर्न येतो, म्हणजे नळ लावलेलं विजेवरचं पाणी तापवायचं मोठं भांडं. त्याचं गणित माहीत असलं की तुम्ही कामाचे ठरता:

- २० लिटरचा अर्न, ३ किलोवॉटचा, गार पाण्यापासून उकळायला साधारण ४० मिनिटं घेतो. साडेदहाला चहा हवा तर पावणेदहाच्या आत बटण चालू.
- त्यात सुमारे १०० कप होतात. दूध वेगळं, छोट्या जगमध्ये ठेवायचं. चार पिंटांची एक बाटली, म्हणजे सव्वादोन लिटरला थोडी जास्त, १०० कपांना पुरते.
- मोठ्या किटलीत १० ते १२ कप बसतात. तिला पाच-सहा टी-बॅग पुरे. कपागणिक एक बॅग टाकलीत तर चहा कडू होतो आणि तक्रार तुमच्यापर्यंत न येता इतर सगळ्यांपर्यंत पोचते.
- कॅफीन नसलेली कॉफी आणि गाईच्या दुधाऐवजी ओटचं दूध थोडं तरी असू द्या.

बिघडतं कुठे? अर्न, डिशवॉशर आणि हीटर एकाच वेळी लावले की जुन्या हॉलचा फ्यूज उडतो, आणि फ्यूजबोर्डाची चावी नेमकी गावाबाहेर गेलेल्या माणसाकडे असते. पाणी नळाच्या पातळीखाली गेल्यावरही अर्न चालू राहिला तर तो स्वतःच बंद पडतो आणि थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही. ओले टी-टॉवेल हॉलमध्ये टाकून जाऊ नका. घरी न्यायचे, धुऊन घडी करून परत आणायचे. हे कोणी सांगत नाही, पण कोणी नेले हे सगळ्यांच्या लक्षात असतं. आले, मसाला, उकळी हे सगळं नंतर कधीतरी. पहिल्या वर्षी चहा त्यांच्या पद्धतीनेच करा.

बायकांसाठी विमेन्स इन्स्टिट्यूट, बोलीत डब्ल्यूआय, ही आणखी एक वाट. ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावर निघाली. महिन्यातून एक बैठक, एखादं व्याख्यान किंवा प्रात्यक्षिक, मग चहा. सभासद होण्याआधी पाहुणी म्हणून जाऊन बघता येतं. सुरुवातीला ‘जेरुसलेम’ हे गीत गातात. शब्द येत नसले तर नुसतं उभं राहिलं तरी चालतं.

हॉल भाड्याने घेताना

व्हिलेज हॉल ही सरकारी इमारत नसते. इंग्लंडमध्ये असे १०,००० च्या वर हॉल आहेत आणि बहुतेक धर्मादाय संस्था म्हणून गावातलेच विश्वस्त बिनपगारी चालवतात. त्यामुळे बुकिंगच्या बाईंना रात्री दहाला फोन करून घाई करू नये. गावकऱ्यांना भाडं कमी असतं, तेव्हा पत्ता आधी सांगा.

बुकिंगची वेळ म्हणजे दार उघडल्यापासून कुलूप लावेपर्यंतची वेळ. वाढदिवस तीन ते सहा असेल तर हॉल दीड ते साडेसात घ्या. मराठी कार्यक्रम इथेच फसतात. सहाला पाहुणे निघू लागतात, साडेसातपर्यंत दारात गप्पा चालू असतात आणि आठला बॅडमिंटनवाले रॅकेट घेऊन बाहेर उभे असतात. एक तास जास्तीचं भाडं भरा, पण हे टाळा.

निघताना खुर्च्या ट्रॉलीवर लिहिलेल्या संख्येइतक्याच उंच रचा, टेबलं पुसून मग मिटा, फरशी झाडा, अर्न रिकामा करा, कचरा स्वतःच्या गाडीतून घरी न्या. भिंतीवर चिकटपट्टी लावू नका. रंग निघाला की अनामत रक्कम परत येत नाही. आपत्कालीन दारांसमोर टेबल ठेवू नका, मग तिथे कितीही सोयीची जागा दिसो. समई किंवा पणत्या लावायच्या असतील तर आधी विचारा. काही हॉल उघडी ज्योत चालूच देत नाहीत, आणि धूर ओळखणाऱ्या यंत्राखाली उदबत्तीचा पुडा पेटवला की अख्खं गाव बाहेर येतं.

दारूचं बघा. लोक आपापली बाटली घेऊन आले तर परवाना लागत नाही. पण विक्री झाली, किंवा तिकिटाच्या किमतीत वाइनचा पेला धरला, तर ती विक्रीच. हॉलकडे आधीच परवाना नसेल तर जिल्ह्याच्या किंवा तुमच्या भागातल्या कौन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यावी लागते. फी २१ पौंड, आणि मधले पूर्ण दहा कामाचे दिवस हवेत. नोटीस पोचल्याचा आणि कार्यक्रमाचा दिवस त्यात मोजत नाहीत. शनिवार-रविवार वगळून दहा मोजायला लोक विसरतात, म्हणून तीन आठवडे आधी पाठवा. एका वेळी हॉलमध्ये काम करणाऱ्यांसह ४९९ पेक्षा जास्त माणसं नकोत. खेड्यात हा प्रश्न सहसा येत नाही.

उन्हाळ्यातली जत्रा: फेट

जून-जुलैतल्या एखाद्या शनिवारी दुपारी हिरवळीवर किंवा शाळेच्या मैदानात फेट भरतो. चर्चचं छप्पर, शाळा किंवा हॉल यांच्यासाठी पैसे जमवणं हा हेतू. केकचा स्टॉल, रोपांचा, जुन्या पुस्तकांचा, नारळावर चेंडू मारायचा, कुत्र्यांची स्पर्धा, रस्सीखेच, चमच्यात अंडं घेऊन धावणं. तयारीची बैठक मार्च-एप्रिलमध्ये होते. तिथे जाऊन ‘मी काहीही करेन’ म्हणू नका. ‘मी दोन ते साडेतीन टॉम्बोला सांभाळतो’ असं म्हणा. नेमका तास सांगणारा माणूस आयोजकाला सोन्याहून प्यारा.

टॉम्बोला असा चालतो. गावकऱ्यांनी दिलेल्या वस्तू टेबलावर मांडायच्या: बाटल्या, साबण, लोणच्याची भरणी, कोणाच्या तरी मावशीने दिलेली मेणबत्ती. दोन भाग असलेल्या रॅफल, म्हणजे सोडतीच्या, तिकिटांच्या पुस्तकातून ० आणि ५ ने संपणारे नंबर वेगळे काढून त्यांचा एक भाग वस्तूंवर चिकटवायचा. दुसरा भाग घडी करून डब्यात, आणि त्याच्याबरोबर उरलेले न जिंकणारे नंबरही. लोक पैसे देऊन डब्यातून तिकीट काढतात, आणि तो नंबर एखाद्या वस्तूवर असेल तर ती वस्तू त्यांची. म्हणजे पाचातलं एक तिकीट जिंकतं. १०० वस्तू असतील तर ५०० तिकिटं घडी करायची आहेत. हे आदल्या रात्री चार जणांनी बसून करायचं काम आहे, सकाळी होत नाही. दोन रंगांची पुस्तकं मिसळलीत तर एकाच नंबराचे दोन विजेते उभे राहतात आणि भांडण मिटवायला तुम्हीच असता.

रॅफलला परवाना नको, पण काही अटी आहेत. तिकिटं कार्यक्रमाच्या जागी आणि कार्यक्रम चालू असतानाच विकायची. आधीच दारोदार विकलीत तर नियम बदलतात. जमलेल्या पैशांतून आयोजनाच्या खर्चासाठी १०० पौंडांपर्यंत आणि बक्षिसांसाठी ५०० पौंडांपर्यंतच वापरता येतात. दान म्हणून आलेल्या बक्षिसांना ही मर्यादा नाही. उरलेलं सगळं चांगल्या कामाला. बक्षिसात वाइनची बाटली असली तरी चालते, फक्त ती सीलबंद हवी. गल्ल्यात सुरुवातीची सुटी नाणी ठेवा आणि ती किती होती ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर संध्याकाळी कमाईत तीच मोजली जातात.

खाऊचा स्टॉल लावणार असाल तर

समोसे, भजी, बटाटेवडे यांची मागणी पहिल्या वर्षापासून येते. वर्षातून एखाद-दोनदा गावच्या कामासाठी पदार्थ केले तर अन्नव्यवसाय म्हणून नोंदणी लागत नाही. नियमितपणे, ठरवून करू लागलात की लागते. ऍलर्जीचं कार्ड मात्र प्रत्येक पदार्थासमोर ठेवा, कारण ब्रिटनच्या १४ ऍलर्जीकारक घटकांच्या यादीत आपल्या फोडणीतले बरेच येतात. मोहरी त्यात आहे. तीळ आहेत. शेंगदाणे आणि काजू वेगवेगळे मोजले जातात. तूप म्हणजे दूध. आणि सगळ्यात फसवा हिंग: डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे बेसनाची भजी ‘ग्लुटेन नाही’ म्हणून विकली आणि पिठात चिमूटभर हिंग असला तर ते खोटं ठरतं. डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. खोबऱ्याचा प्रश्न लोक विचारतात. नारळ त्या १४ मध्ये नाही, तरी कार्डावर लिहून टाका.

गरम पदार्थ ६३ अंशांच्या वर ठेवायचा. त्याखाली आला तर एकदाच, जास्तीत जास्त दोन तास. मसालेभात सकाळी करून झाकून ठेवण्याची सवय इथे मोडा. शिजलेल्या भातात उरलेले जिवाणूंचे बीजाणू कोमट तापमानात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरट परातीत तासाभरात गार करून फ्रिजमध्ये, आणि २४ तासांच्या आत संपवायचा. तिखट निम्मं ठेवा, हिरवी चटणी बाजूला द्या.

डार्बीशरमध्ये असाल तर विहीर सजवायला जा

पीक डिस्ट्रिक्टच्या खेड्यांत मे ते सप्टेंबर ‘वेल ड्रेसिंग’ होतं: गावची विहीर, झरा किंवा जुना नळ यांच्यामागे फुलांच्या पाकळ्यांनी भरलेलं मोठं चित्र उभं करतात. टिसिंग्टनचं सगळ्यात प्रसिद्ध, ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी येणाऱ्या असेन्शन डेला सुरू होतं. नवख्याला शिरकाव करायला याहून बरं काम नाही, कारण बसून करायचं, तासन् तास चालणारं आणि हात कमी पडणारं काम आहे.

लाकडी फळ्या आधी काही दिवस नदीत किंवा तळ्यात भिजत टाकतात, म्हणजे त्या मातीतलं पाणी ओढत नाहीत. फळीवर खिळे अर्धवट ठोकलेले असतात, चिकणमाती त्यांना धरून राहावी म्हणून. मातीत पाणी आणि मीठ घालून ती तुडवतात. मिठाने ओल टिकते. बोटभर जाडीचा थर देऊन गुळगुळीत केला की कागदावरचं चित्र वर ठेवून टोच्याने रेघा मातीत उतरवतात. मग बाह्यरेषा: आल्डर झाडाची छोटी काळी बोंडं, मिरे, कॉफीच्या बिया. त्यानंतर पाकळ्या, आणि इथेच नवशिक्याचं चुकतं. पाकळ्या खालच्या कडेपासून वर लावत जायच्या, प्रत्येक वरची पाकळी खालचीवर थोडी चढवून, कौलांसारखी. वरून खाली लावल्या तर पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि चित्र गळून पडतं. पाकळी टेकवून अंगठ्याने हलकेच दाबा. जोरात दाबली की माती वर येते आणि रंग मळतो. निसर्गातल्या वस्तूच वापरायच्या, रंगवलेलं काही नाही. फुलं दारात उन्हात ठेवू नका, पाकळी काढायची ती लावण्याच्या थोडं आधी. चित्र आठवडाभर टिकतं. रांगोळीचा हात असलेल्यांना गावकरी दुसऱ्या वर्षी बाह्यरेषेच्या कामावर बसवतात, आणि तो बहुमान आहे.

भाजीपाल्याचं प्रदर्शन

ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात होणारा प्रोड्यूस शो बाहेरून गमतीचा वाटतो. आतून तो गावातला सगळ्यात गंभीर दिवस असतो. वसंतात ‘शेड्यूल’ नावाची पुस्तिका निघते. त्यात क्रमांकवार वर्ग: तीन कांदे, पाच टोमॅटो, घेवड्याच्या सहा शेंगा, चार चीज स्कोन, एक भरणी जॅम, मुलांनी बनवलेला भाजीचा प्राणी. प्रत्येक प्रवेशाला काही पेन्स. अर्ज दोन-तीन दिवस आधी द्यायचा, शनिवारी सकाळी माल मांडायचा, मग सगळ्यांना बाहेर काढून परीक्षक आत जातात. दुपारी दोनला दार उघडतं.

पाच म्हणजे पाच. सहा टोमॅटो ठेवलेत तर कार्डावर ‘शेड्यूलप्रमाणे नाही’ अशा अर्थाची तीन अक्षरं येतात आणि माल कितीही देखणा असो, बाद. मोठेपणापेक्षा सारखेपणाला गुण जास्त:

टोमॅटो देठाकडच्या हिरव्या पाकळ्यांसकट, साधारण ६ सेंटिमीटरचे, एकाच रंगछटेचे. कांद्याची सुटी सालं काढा, पण सोलून गोरा करू नका. माना दुमडून राफियाने, म्हणजे ताडाच्या पानांच्या धाग्याने, बांधा. बटाटे स्पंजने धुवा, ब्रशने चरे पडतात. गाजराचा पाला ७ ते ८ सेंटिमीटर ठेवून छाटा. घेवड्याच्या शेंगा कात्रीने देठासह कापा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून न्या; परीक्षक एक शेंग मोडून बघतो, ‘कट्’ आवाज आला पाहिजे.

केकच्या वर्गात व्हिक्टोरिया सँडविच असतोच. तीन अंडी, आणि लोणी, कॅस्टर साखर, आपोआप फुगणारा मैदा प्रत्येकी १७५ ग्रॅम. १८ सेंटिमीटरचे दोन साचे, १८० अंश, पंख्याच्या ओव्हनला १६०, वीस ते पंचवीस मिनिटं. डब्ल्यूआयच्या पठडीतल्या परीक्षकाला मध्ये फक्त रास्पबेरी जॅम हवा आणि वर कॅस्टर साखरेची भुरभुर. क्रीम भरलंत की गेलं. जाळीवर उपडा ठेवून वर रेघा उठवल्यात तरी गुण कापले जातात, म्हणून वरची बाजू वरच राहू द्या.

जॅम आणि चटणीच्या भरण्यांवर कंपनीचं नाव असलेलं झाकण नको. नवं झाकण, काठोकाठ भरलेली भरणी, लेबलवर पदार्थ आणि तारीख. इथल्या ‘चटणी’ वर्गात फळं किंवा भाज्या व्हिनेगर-साखरेत शिजवून दोन-तीन महिने मुरवलेला पदार्थ अपेक्षित असतो. आपली लसणाची चटणी किंवा कैरीचं लोणचं तिथे बसत नाही. ते ‘इतर’ वर्गात द्या, किंवा सचिवाला सांगून पुढच्या वर्षी लोणच्याचा वेगळा वर्ग काढायला लावा. एक वर्ग वाढवायला समिती बहुधा तयार असते. चषक मिळाला तर तो वर्षभरापुरता. नाव कोरून, चकाकवून, पुढच्या प्रदर्शनाआधी परत.

क्रिकेट, घंटा, पब

क्रिकेटबद्दल भारतीयांना फार सांगायला नको. रविवारच्या मैत्रीच्या सामन्यात अकरावा खेळाडू नेहमी कमी असतो. लक्षात ठेवायचं एवढंच की पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलेच दोघं असतात, तेव्हा बाद झाल्यावर पांढरा कोट चढवून उभं राहायची पाळी येते. सामन्याची फी द्यावी लागते आणि चहा-सँडविचची पाळीही वाटून घेतात. स्कोअर लिहायला बसणारा माणूस मिळाला तर क्लब त्याला सोडत नाही.

चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजवायला श्रद्धाळू असावं लागतंच असं नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ सराव असतो. एक घंटा स्वतःला सांभाळता येईपर्यंत शिकवणाऱ्याबरोबर दहा ते पंधरा तास लागतात. शिकवणारा शेजारी नसताना दोरीला हात लावू नका: घंटा उलटी, तोंड वर करून ठेवलेली असू शकते आणि तिच्या वजनाने दोरी माणसाला उचलते.

पबमध्ये टेबलाशी बसून वाट बघू नका, बारपाशी जाऊन मागवा. कोणी तुमच्यासाठी एक घेतला तर पुढची फेरी तुमची, मग तुम्ही लिंबूपाणी पीत असलात तरी. क्विझला चार-सहा जणांचे संघ असतात. एकटे गेलात तर आयोजक तुम्हाला कुठेतरी बसवून देतात.

पॅरिश कौन्सिल

ही १८९४ च्या कायद्याने आलेली सगळ्यात खालची पायरी. सदस्य बिनपगारी, कारभार क्लार्क बघतो, पैसा तुमच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलातल्या ‘प्रीसेप्ट’ या ओळीतून येतो. तिच्याकडे काय आहे ते आधी समजून घ्या. खेळाचं मैदान, बाकं, दफनभूमी, कधी कधी रस्त्यावरचे दिवे तिचे. खड्डे बुजवणं आणि शाळा बहुतेक भागात काउंटीकडे, कचरा आणि बांधकाम परवानगी जिल्ह्याकडे; काही भागांत एकच कौन्सिल सगळं बघतं. शेजाऱ्याच्या वाढीव खोलीवर पॅरिश कौन्सिल फक्त मत देऊ शकतं, निर्णय देत नाही.

बैठकीला कोणीही जाऊन बसू शकतो. विषयपत्रिका तीन पूर्ण दिवस आधी बोर्डावर लागते आणि तिच्यात नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. म्हणून मैदानातला झोपाळा तुटलाय हे बैठकीत उठून सांगण्यापेक्षा दहा दिवस आधी क्लार्कला दोन ओळींचा ईमेल करा. लोकांसाठी राखलेल्या वेळेत बोलायला बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात; मुद्दा एकच न्या. मार्च ते १ जून दरम्यान ‘वार्षिक पॅरिश सभा’ होते. ती कौन्सिलची नव्हे, मतदारांची सभा आहे आणि तिथे तुम्ही मतही देऊ शकता.

मत म्हणजे काय, आपण तर भारतीय नागरिक, असं म्हणून बरेच जण नाव नोंदवत नाहीत. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या सगळ्या निवडणुकांत मतदान करता येतं. नोंदणी मतदानाच्या १२ कामाच्या दिवस आधीपर्यंत. केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. कौन्सिलवर उभं राहायचं असेल तर कायम वास्तव्याचा परवाना आणि साधारणपणे वर्षभर गावात किंवा तीन मैलांच्या आत वास्तव्य हवं. लहान गावात जागा रिकाम्या राहतात आणि मग सदस्य निवडणुकीविना घेतले जातात, तेव्हा क्लार्कला नुसतं विचारून बघा. भाजी लावायला जमीन हवी असेल तर तीही इथेच: सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली की कौन्सिलला अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीसाठी भाड्याने द्यायच्या जमिनीच्या तुकड्यांचा, विचार करावाच लागतो.

नोव्हेंबर आणि आपली दिवाळी

नोव्हेंबरचा दुसरा रविवार म्हणजे रिमेम्ब्रन्स संडे, युद्धांत मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. पावणेअकराला युद्धस्मारकाशी गडद कपड्यांत, कोटावर पॉपीचं कागदी फूल लावून उभं राहायचं. अकराला दोन मिनिटं शांतता. फोन बंद, टाळ्या नाहीत. मराठी माणसाने इथे परका म्हणून मागे उभं राहायचं कारण नाही: मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतल्या लढायांसाठी, १९४४ आणि १९४५ मधल्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता.

दिवाळी गावाबरोबर करायची तर हॉल उन्हाळ्यातच धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शनिवार सुगीचं जेवण, बॉनफायर आणि क्विझमध्ये जातात. पहिल्या वर्षी साठ जणांच्या वर आमंत्रण देऊ नका आणि वेळ दुपारी तीन ते पाच ठेवा, म्हणजे लहान मुलं आणि अंधारात गाडी न चालवणारे म्हातारेही येतील. फराळ छोट्या कागदी ताटलीत: एक चकली, एक शंकरपाळ्यांची मूठ, अर्धा लाडू. पूर्ण बेसनाचा लाडू पाहुण्याला संपवत नाही, आणि टाकायला तो संकोचतो. रांगोळी पोर्चच्या आत काढा, बाहेर वारा आणि पाऊस आहेतच.

फटाके उडवायची वेळ एरवी रात्री अकरापर्यंत, ५ नोव्हेंबरला, म्हणजे बॉनफायरच्या रात्री, बारापर्यंत, आणि दिवाळीच्या रात्री कायद्याने एकपर्यंत आहे. परवानगी आहे म्हणून एकपर्यंत उडवू नका. खेड्यात आजूबाजूला घोडे आणि मेंढ्या असतात. बिथरलेला घोडा कुंपणाच्या तारेत अडकतो. आठवडाभर आधी गावाच्या ग्रुपवर आणि बोर्डावर तारीख-वेळ लिहा, घोडे असलेल्या घरांत स्वतः जाऊन सांगा, म्हणजे ते जनावरं आत बांधतील. साडेसात ते आठ एवढाच अर्धा तास ठेवा, आवाजाऐवजी रोषणाईचे फटाके घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेतात पडलेल्या काड्या आणि जळके पुठ्ठे वेचून आणा.